कचेरी आणि मैदान

तरुणपणी मी एका वकिलाच्या कचेरीत कारकून होतो. गणेशोत्सव जवळ आला की मन दस्तऐवजांत रमत नसे. संध्याकाळच्या जाखडीकडे धाव घेई. एकदा साहेबांनी बजावले, “नाच किंवा नोकरी!” मी नोकरी धरली. वडील, उसाच्या मळ्यात जन्म घालविलेले, एवढेच म्हणाले, “बाळ, ढोलकी खुंटीला टांगलीस तरी अधूनमधून हात मार. न वाजणारे कातडे मुके होते.” मी मात्र हात मारला नाही.

निवृत्तीनंतर क्रिकेटची जुनी माहिती चाळताना जॅक मेसन या इंग्रज गृहस्थांची ओळख झाली. जन्म १८७४ चा, व्यवसायाने सॉलिसिटर. केंट परगण्याकडून ते बिनमोबदला खेळत. १८९७-९८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते पाच कसोटी सामने खेळले, पण यश बेताचेच लाभले. १८९८ ते १९०२ पर्यंत ते केंटचे कर्णधार होते. पुढे वकिली वाढली आणि त्यांनी कर्णधारपद सोडले.

परंतु बॅट सोडली नाही! सवड मिळेल तेव्हा ते मैदानावर उतरत. १९०६ मध्ये केंटने प्रथमच परगण्यांचे अजिंक्यपद मिळविले, त्या संघातही ते काही सामने खेळले. त्यांच्या नावावर सतरा हजारांवर धावा आणि आठशेंवर बळी जमा आहेत. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाचकहो, येथे एक गोष्ट विसरता येत नाही. त्या काळी इंग्लंडात हौशी खेळाडू ‘जंटलमन’, तर वेतन घेणारा नुसता ‘प्लेअर’. हा भेद १९६२ साली संपला. हौस ही बहुधा सुखवस्तूंची मिरास होती. आमच्या आजोबा-पणजोबांजवळ सुबत्ता नव्हती, तरी दिवसभर ऊस तोडून रात्री ते गात-नाचत होते. त्यांच्या हौसेची नोंद कोणत्याच ग्रंथात नाही.

मला लाज वाटते ती नोकरी धरल्याची नव्हे. पोटासाठी ती आवश्यकच होती. लाज वाटते ती ‘पूर्ण देता येत नाही, म्हणून काहीच देऊ नये’ या अहंकाराची. मेसन यांनी उरलेला वेळ तरी मैदानाला दिला.

आता नातू ढोलकी शिकतो आहे. त्याची परीक्षा आली की सून म्हणते, “बंद कर ते!” मी हळूच सांगतो, “सूनबाई, बंद नको. थोडी कमी कर.”