रोमांतील पहिला दिवस

परदेशप्रवासाचीं वर्णनें वाचीत असतां एक गोष्ट ध्यानांत येते. प्रवासी परक्या शहरांत उतरला रे उतरला, कीं त्याची दृष्टि घुमटांकडे, मनोऱ्यांकडे आणि चित्रशाळांकडे लागते. त्याचे डोळे चुरचुरत होते काय, पाय सुजले होते काय, याचा उल्लेख सहसा आढळत नाहीं. ज्या घरांतून मुलामुलींना सहलीसाठीं परदेशीं धाडण्याचा विचार चालला असेल, त्यांच्या उपयोगीं पडावी म्हणून अशा एका पहिल्या दिवसाची हकीकत येथें देत आहों.

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टींत सोळा विद्यार्थी व दोन अध्यापक असे आम्ही अठरा जण रोमला गेलों. भाऊबीज उरकून दुसऱ्याच दिवशीं दुपारीं बारा वाजतां पुणें सोडलें. मुंबईस विमानांत बसलों, मध्यरात्रीं आखाती प्रदेशांत विमान बदललें, आणि रोमला उतरलों तेव्हां तेथें सकाळचे सात वाजले होते. नोव्हेंबरांत इटलीचें घड्याळ आपल्या साडेचार तास मागें असतें. म्हणजे घरीं त्या वेळीं साडेअकरा झाले होते. जवळजवळ चोवीस तासांत पाठ टेकण्यास कोणासहि जागा मिळाली नव्हती. पारपत्रें तपासण्याच्या रांगेंत आणखी दीड तास गेला. एका मुलीची बॅग मागेंच राहिली असें कळलें. मैत्रिणींनीं आपापल्या कपड्यांतून तिचा वांटा काढला, आणि आम्ही आगगाडीनें अर्ध्या तासांत शहराच्या तेर्मिनी स्टेशनावर आलों.

खरी अडचण पुढेंच होती. वसतिगृहावर उत्तर मिळालें, कीं सामान ठेवा, पण खोल्या दोन वाजल्याखेरीज मिळणार नाहींत. वाजले होते अवघे दहा. सहल आखणाऱ्या मंडळींच्या कागदावर तर त्याच दिवशीं कलोसियम, फोरम, त्रेव्हीचें कारंजें आणि पॅन्थिऑन अशीं चार स्थळें लिहिलेलीं! फुटपाथावरच वाद सुरू झाला. आमच्यांतील एका मुलाच्या वडिलांनीं या सहलीसाठीं पतपेढीचें कर्ज काढलें होतें. तो म्हणाला, "मॅडम, झोप घरीं फुकट मिळते. इथल्या एकेका तासाचे बाबांनीं पैसे मोजले आहेत." यावर कोणाला चटकन उत्तर सुचेना, कारण असा कांहीं ना कांहीं हिशेब प्रत्येकाच्याच घरीं मांडला गेला होता.

आम्ही चालूं लागलों. स्टेशनाबाहेर रोमच्या जुन्या तटाचा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतला एक तुकडा अद्याप उभा आहे. त्याच्याजवळ येतां येतां एक मुलगी भोंवळ येऊन खालीं बसली. विमानांतील शाकाहारी जेवण तिच्यापर्यंत येण्यापूर्वींच संपलें होतें, आणि संकोचानें ती कांहीं बोलली नव्हती. कोणी पाणी आणलें, कोणी डब्यांतील तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. मघाशीं पैशांचा हिशेब सांगणाऱ्या मुलानेंच मुकाट्यानें तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. आतां बसावयास जागा हवी होती. समोरच एक चर्च होतें. आंत बांकें असतील, एवढ्याच आशेनें आम्ही त्यांत शिरलों.

तें निघालें सांता मारिया देल्यी आंजेली. सम्राट डायोक्लेशनच्या काळीं, इ. स. २९८ ते ३०६ च्या दरम्यान, येथें प्रचंड सार्वजनिक स्नानगृहें बांधलीं गेलीं. तेर्मिनी हें नांवहि त्यांवरूनच आलें. त्यांच्याच एका भव्य दालनाचें पुढें मायकेलअँजेलोच्या आराखड्यानुसार चर्च झालें. तो आराखडा केला तेव्हां त्याचें वय पंचाऐंशीच्या पुढें होतें. आंतल्या फरशीवर सुमारें पंचेचाळीस मीटर लांबीची एक धातूची पट्टी तिरकी बसविली आहे. सौर वर्ष तपासून ईस्टरचा दिवस बिनचूक ठरवावा, या हेतूनें पोप अकरावे क्लेमेंट यांच्या आज्ञेवरून फ्रांचेस्को ब्यांकिनी या ज्योतिर्विदानें ती १७०२ सालीं पुरी केली. ज्या घरांत पंचांग रोज उघडलें जातें, त्यांस ही खटपट परकी वाटणार नाहीं. भिंतींत उंचावर एक छिद्र आहे. त्यांतून आलेला उन्हाचा कवडसा फरशीवरून सरकत ज्या क्षणीं पट्टीवर येतो, तो रोमचा खरा मध्यान्ह. १८४६ पर्यंत शहरांतील घड्याळें याच कवडशावरून लावीत.

आम्ही बांकांवर अर्धवट पेंगत असतां तो कवडसा हळूहळू पट्टीकडे सरकत होता. बारा वाजण्यास पांच-सहा मिनिटें असतांना तो तिला भिडला. इकडे आमच्या शरीराला मात्र दुपारच्या चहाची आठवण होत होती. पुण्यास सव्वाचार उलटून गेले होते.

आमच्या प्राध्यापिका जीवशास्त्राच्या. हलक्या आवाजांत त्यांनीं सांगितलें, कीं मनुष्याच्या मेंदूंतहि एक घड्याळ असतें, आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडानें तें रोज लावलें जातें. पेशींतील या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघां शास्त्रज्ञांना २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. स्थूलमानानें हें घड्याळ दिवसाला एखादा तासच सरकतें. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला झाल्यावर आपल्याकडचे विद्यार्थी आगबोटीनें विलायतेस जात, तेव्हां मुंबईहून इटलीच्या ब्रिंडिसी बंदरास पोंचण्यास सुमारें दोन आठवडे लागत. बोटीवरचें घड्याळ रोज थोडें थोडें मागें घेत, आणि त्याबरोबर शरीरहि सरकत जाई. विमान तो अवधि देत नाहीं.

"म्हणजे आपण अजून पोंचलोंच नाहीं," तो कर्जवाला मुलगा म्हणाला. सगळे हंसले, पण वाद तेथेंच मिटला. कागदावरचीं चारहि स्थळें पुढच्या दिवसांवर ढकलावीं, हें त्यानेंच सुचविलें.

दोन वाजतां खोल्या मिळाल्या. एकच तास निजावें, मग उठून उजेडांत फिरावें, असा नियम केला. रोमांत त्या दिवसांत पांचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रीं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत मुगाची खिचडी टाकली. तिच्या वासानें कित्येकांचे डोळे ओले झाले. नऊ वाजतां सारे गाढ झोपीं गेले, आणि पहांटे चारला सारेच जागे! जिन्यावर बसून दिवाळीचा चिवडा खात, एरवीं एकमेकांशीं न बोलणारीं मुलें उजाडेपर्यंत बोलत राहिलीं. भोंवळ आलेली मुलगीहि त्यांत होती.

दुसऱ्या दिवशीं कलोसियमच्या वरच्या सज्जांत आम्ही तीन तास काढले. तो मुलगा वहींत कमानींचें रेखाटन करीत होता. "चला" म्हणून त्यास दोनदां हांक मारावी लागली. आदल्या दिवशीं तेंच स्थळ त्यानें मिटत्या डोळ्यांनीं पाहिलें असतें, आणि वडिलांचे पैसे खऱ्या अर्थानें तेव्हांच वायां गेले असते.

म्हणून पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. सहलीचा कागद हातीं आला, कीं पहिला दिवस आधीं वाचा. खोल्या किती वाजतां मिळणार तें विचारा, आणि त्या दिवसाखालीं एकाहून अधिक स्थळें असतील तर तीं पुसून घ्या. मुलांच्या हातच्या पिशवींत एक जादा पोशाख आणि पोटभर खाण्याचा डबा द्या. आणि निरोप देतांना हेंहि सांगा, कीं भूक लागली, थकवा आला, तर बोलावें. त्यांत लाज कसली?