ग्रँड नॅशनलचा आठवडा

लिव्हरपूल, २९ मार्च २०२५, शनिवार

पुढच्या शनिवारी ग्रँड नॅशनल, त्यामुळे गावात दुसरा विषय नाही. सगळ्या पेपरांच्या पुरवण्यांत तोच तक्ता वेगवेगळ्या रंगांत छापलाय: 'गेल्या दहा विजेत्यांपैकी इतके अमुक वयाचे, इतके तमुक वजनाचे, इतके तीन मैलांवर आधी जिंकलेले, इतके आयर्लंडचे'. एकेका निकषावर घोडे गाळायचे आणि चाळणीत जो उरेल त्याच्यावर पैसे लावायचे, अशी ही पद्धत.

शेजारचे आजोबा हे काम पेपरांच्याही आधीपासून करत आलेत. आज त्यांनी कुंपणावरून वहीच हातात दिली. एका ओळीत एक नियम, आणि मोडलेल्या नियमावर तांबडी रेघ मारून शेजारी साल. 'राखाडी घोडा नको' ही ओळ खोडलेली, शेजारी २०१२. १९६१ च्या निकोलस सिल्व्हरनंतर राखाडी घोडा जिंकलाच नव्हता, मग नेपच्यून कोलोंज नाकभर अंतराने जिंकला. 'नवखा नको', खोडलेलं, २०१६. त्या वर्षीचा रूल द वर्ल्ड त्याआधी मोठ्या अडथळ्यांची एकही स्टीपलचेस जिंकलेला नव्हता. 'सात वर्षांचा नको', खोडलेलं, २०२२. १९४० च्या बॉग्स्करनंतर थेट नोबल येट्स, तोही एकास पन्नास भावाने. 'घोडी नको' मात्र अजून शाबूत आहे, १९५१ च्या निकेल कॉइनपासून.

वहीत खोडलेल्या ओळीच जास्त. आजोबांना त्याचं काही वाटत नाही. "उरलेल्या आहेत ना," म्हणाले.

३० मार्च, रविवार. पाडवा

घड्याळं आज एक तास पुढे गेली, त्यामुळे गुढी उभारायलाही उशीर. पुण्याहून मामांचा फोन. विश्वावसु संवत्सराचं फळ वाचून दाखवून झालं आणि मग शर्यतीवर आले. मामांचं अर्धं आयुष्य महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर गेलेलं. तिथे सगळं सपाट मैदान.

"तीस उड्या?" मामा म्हणाले. "आणि जॉकी पडला, पण घोडा एकटाच पळत पहिला आला तर?"

"तर पैसे गेले, मामा. वर जॉकी असावा लागतो."

"मग आपलं महालक्ष्मीच बरं गं बाई."

हँडिकॅप मात्र त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमी दर्जाच्या घोड्यावर कमी, म्हणजे कागदावर तरी सगळे एका रेषेत यावेत. फक्त इथे त्या वजनासकट सुमारे ६.९ किलोमीटर पळायचं असतं, आणि शेवटची उडी झाल्यावर पुन्हा जवळपास साडेचारशे मीटरचा सरळ पट्टा. १९७३ ला क्रिस्प नावाचा घोडा याच पट्ट्यात संपला. शेवटची उडी मारली तेव्हा तो खूप पुढे होता, पण रेड रमपेक्षा २३ पौंड जास्त वाहत होता. पाऊण लांबीने हरला. मामा म्हणाले, "वजन बघ, बाकी सोड."

३१ मार्च, सोमवार

वजनच बघितलं. आजोबांच्या वहीतला सगळ्यात जुना नियम, जाड अक्षरात: 'अकरा स्टोनच्या वर नको'. अकरा स्टोन म्हणजे जवळपास ७० किलो, जॉकी आणि खोगीर धरून.

जुने निकाल घेऊन बसले. १९८४ ते २००४ या काळात अकरा स्टोनपेक्षा जास्त वजन घेऊन एकही घोडा जिंकलेला नाही. वीस-एक वर्षं टिकलेला नियम म्हणजे भलताच भक्कम. २००५ ला हेजहंटर ११ स्टोन १ पौंड घेऊन जिंकला आणि मग धरणच फुटलं: २०१० ला ११-५, २०१२ ला ११-६, २०१५ ला मेनी क्लाउड्स ११-९, २०१९ ला टायगर रोल ११-५, गेल्या वर्षी आय ॲम मॅक्सिमस ११-६.

घोडे काही अचानक बळकट झाले नाहीत. नियम ज्या व्यवस्थेवर उभा होता तीच बदलली. वरच्या दर्जाचे घोडे या शर्यतीकडे फिरकत नाहीत म्हणून हँडिकॅपरने त्यांच्यावरचं ओझं मुद्दाम थोडं हलकं ठेवायला सुरुवात केली, आणि २००९ ला कमाल वजनही ११-१२ वरून ११-१० वर आणलं. चांगले घोडे आले, आणि जिंकायला लागले. तक्त्यात मात्र अकरा स्टोनची ओळ पुढे कितीतरी वर्षं छापून येत होती.

१ एप्रिल, मंगळवार

आज ऑफिसात डोक्यात हेच. आम्ही ॲक्च्युअरी लोक भूतकाळावरच पोट भरतो. पासष्टीच्या माणसाला पेन्शन किती वर्षं द्यावी लागेल हे सांगताना आमच्या मागे लाखो आयुष्यांची नोंद असते. नॅशनलमध्ये वर्षाला विजेता एक. दहा वर्षांचा तक्ता म्हणजे दहा ओळी, आणि २०२० ला तर कोविडमुळे शर्यतच झाली नाही.

दुसरं म्हणजे तक्ता विजेते मोजतो, धावलेले मोजत नाही. मैदानातल्या ८० टक्के घोड्यांत असलेला एखादा गुण घ्या. तो दहाही विजेत्यांत निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता जवळपास ११ टक्के. असे वीस गुण तपासले तर सरासरी दोनेक 'दहापैकी दहा' निघतात, आणि पेपरात तेच ठळक टाइपात येणार.

बाई जॉकीचंच बघा. १९७७ ला शार्लट ब्रू ही नॅशनलमध्ये धावलेली पहिली बाई. त्यानंतर चाळीसच्या वर वर्षं 'बाई जिंकत नाही' हा तक्त्यातला पक्का नियम. पण त्या वर्षांत बायकांना घोडे मिळाले किती, आणि त्यातले जिंकण्याजोगे किती? २०२१ ला रेचल ब्लॅकमोरला मिनेला टाइम्स मिळाला आणि ती जिंकली.

२ एप्रिल, बुधवार

ऑफिसची चिठ्ठ्यांची सोडत झाली. एका टोपलीत घोड्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, दोन पौंडाला एक. माझ्या चिठ्ठीत निघालेल्या घोड्याचं नाव ऐकून सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. माझ्या मते कुठल्याही पद्धतीची परीक्षा या टोपलीशी घ्यावी. ३४ घोडे, म्हणजे डोळे मिटून उचललेल्या चिठ्ठीला जवळपास ३ टक्के. तक्ता त्याहून बरं काही सांगत असेल तरच त्याचा उपयोग.

घरी येऊन वयाचा रकाना काढला आणि थक्क झाले. २००३ ते २०१४ या बारा वर्षांत एकही विजेता नऊ वर्षांपेक्षा लहान नाही. दहा, बारा, अकरा, अकरा अशीच वयं. २०१५ पासून गेल्या वर्षापर्यंत एकही विजेता नऊपेक्षा मोठा नाही. २०१४ च्या तक्त्यावर विसंबून ज्याने आठ वर्षांचे घोडे गाळले, त्याने पुढच्या दहा वर्षांतले मेनी क्लाउड्स, वन फॉर आर्थर, टायगर रोल, मिनेला टाइम्स आणि आय ॲम मॅक्सिमस आपल्या हाताने गाळले.

मध्ये काय झालं? २०१३ ला अडथळ्यांच्या आतली लाकडी चौकट काढून लवचिक प्लास्टिकचा गाभा बसवला. अंतरही थोडं कमी केलं. आधी चूक झाली की घोडा पडायचा, म्हणून मुरलेला, सावध घोडा लागायचा. आता चूक थोडीफार खपते, त्यामुळे वेगाला आणि दर्जाला किंमत आली, आणि वेग तरुण घोड्यात. गेल्या वर्षापासून घोडेही चाळीसऐवजी चौतीस. खालचे सहा गेले, म्हणजे हलक्या वजनाचे, कमी दर्जाचेच गेले. अकरा स्टोनच्या नियमाला तिथेही तडा.

३ एप्रिल, गुरुवार

अर्धी रजा टाकून एनट्रीला, नॅशनलच्या रेसकोर्सवर गेले. लिव्हरपूल सेंट्रलहून ऑर्म्सकर्कची गाडी पकडली की रेसकोर्सच्या दारातच उतरता येतं. ऊन स्वच्छ, पाऊस बरेच दिवस नाही. आज फॉक्सहंटर्स, म्हणजे हौशी जॉकींची शर्यत, पण नॅशनलच्याच अडथळ्यांवर.

'चेअर' हा अडथळा स्टँडसमोरच आहे. उंची ५ फूट २ इंच, आणि अलीकडे सहा फुटांचा चर. टीव्हीवर ते हिरवं कुंपण मऊ गादीसारखं दिसतं. जवळून आधी जमीन हादरते, मग घोड्यांचा श्वास ऐकू येतो, आणि मग एकदम फांद्या मोडल्याचा मोठा आवाज. पोट घासून गेलं की स्प्रूसच्या डहाळ्या उडतात. घोळका गेला की मैदानावरची माणसं धावत येऊन डहाळ्या पुन्हा खोचतात, भोकं बुजवतात. अगदी शेजारून उडी मारणाऱ्या दोन घोड्यांत एकाने दुसऱ्याच्या वाटेत तोंड घातलं आणि जॉकीने नुसत्या मांड्यांच्या जोरावर ते सावरलं. असल्या गोष्टीला तक्त्यात रकाना नाही. १९६७ ला तेविसाव्या अडथळ्यावर मोकाट घोडे आडवे आले, सगळा घोळका एकमेकांत अडकला, आणि मागून येणारा फॉयनाव्हन बाजूने निघून एकास शंभर भावाने जिंकला. त्या अडथळ्याला आता त्याचंच नाव आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

आजोबांनी विचारलं, तुझी यादी कुठाय? मी यादी केली नाही, चाळणीच बदलली. प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारायचे. तो गुण असलेले किती धावले? त्यामागे घोड्याच्या शरीरातलं किंवा मैदानातलं कारण सांगता येतं का? आणि ते कारण अजून जागेवर आहे का?

यातून फार थोडं उरतं. वय सात ते नऊ-दहा: कारण आहे. तीन मैलांच्या वर आधी टिकलेला असणं: उघड कारण. याच हिवाळ्यात जिंकलेला असणं, त्यातही वजनं जाहीर झाल्यावर: हे कारण सगळ्यात पक्कं, कारण फेब्रुवारीत ठरलेलं वजन नंतरच्या विजयासाठी वाढवत नाहीत. फेअरीहाउसची बॉबीजो चेस जिंकून आय ॲम मॅक्सिमसने गेल्या वर्षी हेच केलं होतं. आणि आयर्लंड: स्कॉटलंडचा २०२३ चा कोरक रॅम्बलर सोडला तर २०१८ पासून सगळे विजेते तिकडचे. सध्या उत्तम घोडे, उत्तम तबेले तिकडे आहेत, उद्या नसतील.

या चाळणीत तीन-चार नावं राहतात, बहुतेक विली मलिन्स यांच्या तबेल्यातली. त्यात आठ वर्षांचा निक रॉकेट, यंदाचा बॉबीजोचा विजेता, वजन ११-८. आजोबांनी मान हलवली. "अकरा-आठ? १९७७ नंतर मेनी क्लाउड्स सोडला तर इतकं ओढून कोणी जिंकलेलं नाही." बरोबर आहे. १९७७ ला रेड रम हेच वजन घेऊन तिसऱ्यांदा जिंकला होता.

५ एप्रिल, शनिवार

शर्यत चारला सुटली. आजोबांकडे बघितली, चहा आणि वहीसकट.

निक रॉकेट जिंकला. वर विली मलिन्स यांचा मुलगा पॅट्रिक, हौशी जॉकी. अडीच लांबींनी मागे आय ॲम मॅक्सिमस, सगळ्यात जास्त ११-१२ वजन घेऊन. तिसरा ग्रेंजक्लेअर वेस्ट. तिन्ही मलिन्स यांचेच. बापाला मुलाखतीत बोलता येईना.

निक रॉकेटचा भाव एकास तेहतीस होता. तेहतीस अधिक एक, चौतीस. म्हणजे बुकींच्या मते त्याची शक्यता फार तर टोपलीतल्या चिठ्ठीइतकीच होती. वय, टिकाव, हिवाळ्यातले विजय, सगळं समोर असताना. जुन्या तक्त्यातल्या वजनाच्या ओळीने पुष्कळ लोकांना त्याच्यापासून दूर ठेवलं असणार, पण भावात आणखीही पुष्कळ गोष्टी असतात. मलिन्स यांचेच बरेच घोडे होते, आणि लोकांचा पैसा त्यातल्या दुसऱ्यांवर होता. चाळणी तुम्हाला चार नावांपर्यंत नेते. त्यातलं एक निवडणं पुन्हा टोपलीच.

आजोबांनी 'अकरा स्टोन' ओळीवर आज रेघ मारली. शेजारी सालं लिहायला जागा पुरेना.

एक घोडा मनातून जात नाही. तेरा वर्षांचा सेलेब्र दालाँ बराच वेळ पुढच्यांत होता, मग एकदम थकला, आणि शेवटच्या अडथळ्यानंतर कोसळला. पशुवैद्य तिथेच उपचार करत होते.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

मामांचा फोन. निकाल ऐकून खूश, कारण वजन बघ म्हणाले होते आणि वजनवालेच दोघे आले. मला त्यांचं म्हणणं उलटं आठवत होतं, पण गप्प बसले. मग म्हणाले, जुलैत पुण्याचा सीझन सुरू झाला की ये. "बाराशे मीटरला चार नंबरच्या गेटातला घोडा मारतोच. गेल्या सीझनला किती वेळा आला बघ."

"आणि चार नंबरच्या गेटातून एकूण किती धावले, मामा?"

"ते कोण मोजतं?"

८ एप्रिल, मंगळवार

सेलेब्र दालाँ गेला, अशी बातमी आली.

आजोबांच्या वहीत 'तेरा वर्षांचा नको' ही ओळ आहे, रेघ न मारलेली. तेरा वर्षांचा शेवटचा विजेता सार्जंट मर्फी, १९२३ चा. पैसे लावणाऱ्यांनी ही ओळ आपले दोन पौंड वाचवायला लिहिली. पण सगळ्या तक्त्यात हाच एक नियम असा, ज्याचं कारण मैदान बदलल्याने, वजनं बदलल्याने जागचं हललं नाही, कारण ते घोड्याच्या वयात आहे. शर्यतीच्या अटींत वयाची खालची मर्यादा आहे, सात वर्षांची. वरची मर्यादा फक्त जुगाऱ्यांच्या वहीत आहे.