दुधाचा दात पडणारच आहे, मग उपचार कशाला?



आरोग्याचा प्रश्न निघाला की आपल्या निवेदनात डॉक्टरची रिकामी जागा येते, ॲम्ब्युलन्स येते, औषधांचा तुटवडा येतो. लहान पोराची दाढ मात्र कधी येत नाही. ती का यायला हवी, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके, मधून भीमा वाहते. अभ्यासिका, जयंती, वह्यावाटप अशा निमित्तानं दोन्हीकडच्या वस्त्यांवर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कंपन्यांत कंत्राटी काम करणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्यांवर आमचं जाणं-येणं असतं. चार-पाच वर्षांची पोरं हसली की दिसतं. पुढचे दात काळे पडलेले, दाढांना भोकं, एखाद्याच्या हिरडीवर पुवाची पुटकुळी. आईला विचारलं की उत्तर ठरलेलं: "दुधाचे दात हायेत, पडायचेच हायेत."

आम्ही त्या आईला दोष देत नाही. बहुतेक वेळा तिनं दिवसाची मजुरी बुडवून पोराला दवाखान्यात नेलेलं असतं आणि हे वाक्य ती तिथूनच ऐकून आलेली असते. गोळ्या मिळतात, सूज उतरते, महिन्याभरानं पुन्हा येते. पुन्हा मजुरी बुडते, पुन्हा त्याच गोळ्या.

दात पडणार हे खरं आहे. पण कधी? दुधाचे दात एकूण २०. त्यातले खालचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण मागची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असते. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेनं त्या पोराला आणखी सहा-सात वर्षं घास चावून द्यायचा असतो. सहा वर्षं दुखणं सोसत बसा, असं एखाद्या साहेबाला कुणी सांगेल का?

दुधाच्या दातावरचं कठीण आवरण पातळ असतं आणि आतली नस मोठी असते. म्हणून कीड लवकर नसेपर्यंत पोचते. नस सडली की पू मुळांच्या मधल्या हाडात उतरतो. हिरडीवरची पुटकुळी फुटली की ठणका थांबतो, घरच्यांना वाटतं बरं झालं. पण आतला संसर्ग तसाच असतो. त्याच हाडात खाली पक्का दात तयार होत असतो, त्याच्यावर डाग आणि खड्डे पडू शकतात. दाढ वेळेआधी गेली तर शेजारचे दात सरकून जागा अडवतात आणि पक्का दात वाकडा येतो. दुखणाऱ्या दाढेचं मूल भाकरी चावत नाही, चहात बुडवलेल्या बिस्किटावर राहतं, रात्री झोपत नाही. मग शाळेत त्यालाच आपण "ढ" म्हणतो.

आणखी एक. दाताची कीड म्हणजे वळवळणारा किडा नव्हे. तोंडातले जंतू गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणारा माणूस आपल्याला फसवत असतो. बुद्धाच्या वाटेनं चालणाऱ्यांनी तरी त्याच्यापुढे तोंड उघडू नये.

इलाज आहे आणि तो नवा नाही. नस फक्त वरच्या भागात बिघडली असेल तर तेवढाच भाग काढून औषध भरतात, त्याला पल्पोटॉमी म्हणतात. संसर्ग मुळांपर्यंत गेला असेल तर पल्पेक्टॉमी करतात. जागा बधिर करायची, सडलेली नस काढायची, मुळं आतून धुऊन साफ करायची आणि त्यात विरघळणारी पेस्ट भरायची. मोठ्यांच्या रूट कॅनॉलमध्ये वापरतात तो गटापर्चा इथं चालत नाही. पक्का दात वर येताना दुधाच्या दाताची मुळं विरत जातात, त्यांच्याबरोबर भरलेलं औषधही विरायला हवं. दाढेवर शेवटी स्टीलची कॅप बसते. दाढ वाचवण्यापलीकडे गेली असेल तर काढावी लागते, आणि गरजेनुसार पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवणारी तार बसवतात.

नुसती अँटिबायोटिक गोळी हा इलाज नाही. मेलेल्या नसेत रक्त खेळत नाही, त्यामुळे गोळी तिथं नीट पोचत नाही. सूज चेहऱ्यावर पसरली, ताप आला तर औषध लागतंच, पण मूळ काढल्याशिवाय दुखणं परत येणारच. डोळ्याभोवती किंवा जबड्याखाली सूज, तोंड उघडेनासं होणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठा.

हा इलाज पुण्याच्या खासगी दवाखान्यात होतो, कॅपसकट काही हजार रुपयांत. ज्याच्या बापाच्या खिशात ते आहेत त्याच्या मुलाची दाढ वाचते. ऊस तोडणाऱ्याच्या, कंत्राटावर राबणाऱ्याच्या मुलाला गोळी मिळते. कोपीत कोण राहतं आणि कुठल्या जातीचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून "पडणारच आहेत" हा आम्हाला वैद्यकीय सल्ला वाटत नाही. कुणाच्या मुलाचं दुखणं चालवून घ्यायचं, याचा तो निवाडा आहे.

सरकारकडे योजना नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. पथक येतं, तोंड उघडायला लावतं, वहीत नोंद करतं, चिठ्ठी देतं. चिठ्ठी घेऊन आई तालुक्याला गेली तर पुढे काय, हा आमचा प्रश्न आहे. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. आणि जे पोर ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडून आलंय, त्याच्यापर्यंत ही तपासणी तरी पोचते का?

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचार चालू आहेत, आरक्षण धोक्यात आहे आणि तुम्ही दाढा कसल्या मोजता? त्यांना आम्ही अमेरिकेतली एक गोष्ट सांगू. मेरीलँडमधला डिमॉन्टे ड्रायव्हर हा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा २५ फेब्रुवारी २००७ रोजी गेला. सडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूत गेला होता. सुमारे ८० डॉलरमध्ये तो दात निघाला असता. त्याच्या मरणावरून तिथं आवाज उठला आणि २००९ च्या कायद्यानं गरीब मुलांच्या सरकारी विम्यात दंतोपचार बंधनकारक झाले. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या दलित पँथरनं नाव घेतलं, त्यांनी मोफत दवाखाने चालवले होते, मुलांना शाळेआधी न्याहारी दिली होती. आणि इतक्या लांब कशाला जा? १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ते चळवळीचं काम नव्हतं, असं कोण म्हणेल?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली आणि पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. रांजणगाव-कुरकुंभच्या भावांनो, पगारातून ०.७५ टक्के ईएसआय कापली जात असेल तर तुमच्या मुलांच्या उपचाराचाही त्यात हक्क आहे. पगाराची स्लिप काढा आणि मागा. संविधानाच्या कलम ४७ नं सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं आहे. आपण भीक मागत नाही आहोत.

आमच्या मागण्या साध्या आहेत. दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत लहान मुलांची पल्पेक्टॉमी आणि स्टीलची कॅप मोफत मिळावी, त्यासाठी ठरलेला वार असावा. कीड नसेपर्यंत पोचण्याआधी ती थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, ते अंगणवाडीपर्यंत यावं. हंगामात पथकानं कोप्यांवर जावं.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. वस्तीवर रात्री झोपताना दात घासायची सवय लावू, फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. पोराच्या बोटाला मशेरी लावू देऊ नका. आणि माहिती अधिकारात दोनच आकडे मागा: गेल्या वर्षी तपासणीत दात किडलेली किती मुलं सापडली आणि त्यातल्या किती जणांचा उपचार पूर्ण झाला? या दोन आकड्यांमध्ये जेवढं अंतर निघेल, तेवढं आपलं पुढचं निवेदन लांब असेल. ते ग्रामसभेत वाचा, रुग्ण कल्याण समितीत वाचा, तहसीलदारांच्या दारात वाचा.

जय भीम! जय संविधान!