कटऑफ

पुण्याहून दारव्ह्याला परत आले त्या रात्री आबाजी अंगणात खाटेवर बसले होते. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागला होता. माझा तिसरा प्रयत्न होता आणि दोन गुणांनी गेला होता. आई आत कुणालातरी फोनवर सांगत होती, "कटऑफमध्ये नाही बसली." आबाजींना ऐकू कमी यायचं, पण हा एक शब्द त्यांनी बरोबर पकडला. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "किती टक्क्यावर कापला?"

मला रागच आला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लक्षात आलं, ते परीक्षेबद्दल विचारतच नव्हते.

आबाजी शकुंतलेवर फायरमन होते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ही छोटी लाइन, रुळांतलं अंतर अडीच फूट. वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांना जावा म्हणून ती टाकली गेली. तिच्यावर धावणारं झेडडी जातीचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बांधलेलं. १९२३ पासून ते ओढत राहिलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. त्याच्या थोडं आधीच आबाजी निवृत्त झाले होते. स्टीलचा पेला आडवा धरून, त्यात मूठ सरकवत त्यांनी मला त्यांचा कटऑफ समजावला.

पेला म्हणजे सिलिंडर, मूठ म्हणजे दट्ट्या. झडप उघडते, बॉयलरची वाफ आत शिरते आणि दट्ट्याला ढकलते. दट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर झडप उघडी ठेवायची नसते. वाटेतच कुठेतरी ती बंद होते. जिथे बंद होते तो बिंदू म्हणजे कटऑफ, आणि तो टक्क्यांत सांगतात. पंचवीस टक्के म्हणजे एक चतुर्थांश अंतर गेल्यावर वाफेची आवक बंद. पुढचं अंतर आत कोंडलेली वाफ फुगते आणि त्या फुगण्याच्या जोरावर दट्ट्या टोकाला जातो. जेम्स वॅटने १७८२ च्या पेटंटमध्ये मांडलेली हीच कल्पना. कागदावरच्या हिशेबाने चौथाई वाफेत साधारण साठ टक्के काम निघतं.

"गाडी उचलाची असन तं पंचाहत्तर टक्के लागतेच," आबाजी म्हणाले. "पण गाडी लागली का मांगं घ्याव लागते. काही डायवर घेतच नव्हते. वाफ तशीच चिमणीतून भकभक जाये. ते जाये तं भट्टीतला जाळ ओढून नेये. मंग कोळसा कोन टाकन? मी. कटऑफ कयत नाही त्या डायवरसंगं गेलं का माही कंबर गेली समज."

पुस्तकांत हा शब्द कार्यक्षमतेच्या प्रकरणात येतो. आबाजींना तो कंबरेतून कळला होता. चिमणीचा आवाज ऐकून, आज किती फावडी पडणार, हे ते सांगू शकत.

मग पेला खाली ठेवून ते म्हणाले, "कटऑफ लागला म्हंजे काम बंद नाही पडत, पोरी. खरं काम तं तिथूनच चालू होते." आणि झोपायला गेले.

त्या रात्री मला याचा फार आधार वाटला. पुढे पुष्कळ विचार केल्यावर लक्षात आलं, की आबाजींची तुलना नीट बसत नाही. इंजिनात दार बंद होतं ते आत आलेल्या वाफेमागे. परीक्षेत ते बंद होतं बाहेर राहिलेल्यांच्या तोंडावर. मी आतली वाफ नव्हतेच. मी बॉयलरमध्ये उरलेली वाफ होते.

पण त्यांनी विचारलेला प्रश्न मला सोडेना. किती टक्क्यावर? वडिलांनी तीन वर्षं पुण्याच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे पाठवले होते. दोन एकर कपाशीत ते कुठून येत होते हे मी कधी विचारलं नव्हतं. गाडी उचलायला पंचाहत्तर टक्के लागतात, हे खरं. पण मी ती पंचाहत्तरवरच ठेवली होती, आणि फावडं दुसऱ्याच कुणाच्या हातात होतं.

चौथ्या प्रयत्नासाठी मी पुण्याला गेले नाही. त्याला हार म्हणायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. दारव्ह्यात राहून शिकवण्या घेऊ लागले. तीन वर्षांत जे आत भरलं होतं, तेच आता कामाला येतं. त्यातून घर चालतं, आणि पुढच्याच वर्षी कपाशी गेली तेव्हा वडिलांनी कर्ज काढलं नाही.

आबाजी आता नाहीत. शकुंतलाही बंद आहे. मोतीबाग स्टेशनाजवळ रुळांवर गवत वाढलंय आणि वर्धा-नांदेडच्या मोठ्या लाइनची गावात वाट पाहणं चालू आहे. मुलं मला विचारतात, "ताई, यंदा कटऑफ किती लागेल?" मी अंदाजाने आकडा सांगते. एखादं पोरगं घरून पैसे मागवून पुण्याला जायला निघतं, तेव्हा मात्र मी पेला घेऊन बसते.