दादा, मी आणि कोरस

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच विषय चालू आहे. कोरसचं पेडल. म्हणजे बोलतो मी, बाकीचे ऐकून घेतात. परवा बायको म्हणाली, "सायकलचं पेडल घ्यायला कुणी एवढा विचार करत नाही." मी म्हटलं, सायकलचं नव्हे, गिटारचं. त्यावर, "मग ती चालवत कुठे नेणार आहात?" असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इलेक्ट्रिक गिटारची वायर अ‍ॅम्पला जायच्या आधी मध्ये एक छोटी पत्र्याची डबी जोडतात. ती जमिनीवर ठेवायची, पायाने दाबली की गिटारचा आवाज बदलतो. कुठली डबी आवाज फाडते, कुठली घुमवते. कोरसची डबी एका गिटारच्या दोन गिटार करते. निदान करायचा प्रयत्न तरी करते.

आता या वयात, नांदेडसारख्या गावात, नोकरी करून संध्याकाळी तासभर गिटार वाजवणाऱ्या माणसाला हे कशाला हवं? तर झालं असं, की दिवाळीत लातूरला मामांच्या माळ्यावर साफसफाई करताना एक कॅसेट सापडली. १९९८ च्या गणपतीतला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम. भाच्याने कुठून तरी टेपरेकॉर्डर पैदा केला आणि ती मोबाइलवर चढवून दिली. परत येताना बसमध्ये, अहमदपूर गेल्यावर, कानात वायर घालून ऐकली.

आवाज खराब आहे. मधेच खरखर, मधेच कुणाचं तरी लहान मूल रडतंय. पण त्यात दोन गिटार आहेत, एक माझी आणि एक दादाची. दोघं एकच कॉर्ड वाजवतोय, आणि तो आवाज कसा सांगू... रुंद आहे. पाण्यावर ऊन पडल्यावर हलतं तसा हलणारा. लोह्यापर्यंत मी तेवढंच मागेपुढे करून ऐकत होतो. मला तो आवाज परत हवा होता.

घरची मंडळी हे वाचतात, त्यांना दादा कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मी अकरावी-बारावीला लातूरला मामांकडे होतो. 'लातूर पॅटर्न'चे दिवस होते, गावोगावची पोरं तिथे बोर्डात यायला येत. मी बोर्डात आलो नाही, पण गिटार शिकलो. पहिले तीन कॉर्ड दादाने शिकवले, बोटं सोलून निघाली तेव्हा खोबरेल तेलही त्यानेच लावलं. पुढे आम्ही दोघं एकाच ऑर्केस्ट्रात वाजवायचो. आणि मग १९९८ नंतर एकत्र कधीच वाजवलं नाही. ते का, ते पुढे येईलच.

तर पेडल.

पहिल्यांदा मी आमच्याच गावात चौकशी केली. नांदेडला गुरुद्वारा आहे, कीर्तन आहे, त्यामुळे पेटी-तबला चांगला मिळतो. दुकानदाराला म्हटलं, कोरस पाहिजे. तो म्हणाला, "कोरसमधली पोरं आहेत ना सर, नंबर देऊ का?" मी हसलो, पण नंतर वाटलं, तो काही चुकीचं बोलला नाही. कोरस म्हणजे आपली झीलच की. शाहीर पुढे उभा राहून पोवाडा गातो आणि मागचे झीलकरी सूर धरतात. त्यातला एक जरा आधी लागतो, एक जरा नंतर, एकाचा सूर केसभर चढा, एकाचा उतरता. सगळे अगदी तंतोतंत एक झाले तर तो एकच मोठा आवाज होईल, झील होणार नाही. तंबोऱ्यात जोडीच्या दोन तारा असतात, दोन्ही षड्जाला. पण त्या दोन आहेत म्हणून तो सूर जिवंत वाटतो.

पेडलमध्ये हीच गंमत वीज वापरून करतात. गिटारचा आवाज आत आला की त्याचे दोन भाग होतात. एक सरळ पुढे जातो. दुसऱ्याला किंचित थांबवून ठेवतात, एका सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग, म्हणजे वीस मिलिसेकंद. शिवाय हे थांबवणं एकसारखं नसतं, हळूहळू कमी-जास्त होत राहतं. त्यामुळे दुसऱ्या आवाजाचा सूर थोडा वर-खाली झुलतो. मग दोन्ही एकत्र सोडतात. एवढ्या थोड्या उशिराने आलेला आवाज कानाला प्रतिध्वनी वाटत नाही, दुसरा माणूस वाजवतोय असं वाटतं.

आवाज थांबवून ठेवतात कसा, हे वाचलं तेव्हा मला लातूरच आठवलं. १९६९ साली फिलिप्स कंपनीतल्या सँगस्टर आणि टीअर या दोघांनी एक सर्किट काढलं. त्याचं नाव 'बकेट ब्रिगेड', म्हणजे बादल्यांची रांग. आत एकापुढे एक बारीक कपॅसिटर असतात. आवाजाचा तुकडा पहिल्यात भरायचा, घड्याळाचा ठोका पडला की दुसऱ्यात ओतायचा, मग तिसऱ्यात. शेवटच्या बादलीतून बाहेर पडेपर्यंत जो वेळ जातो, तोच उशीर. ठोके सावकाश केले की उशीर वाढतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या एमएन ३००७ या चिपमध्ये अशा १०२४ पायऱ्या असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या एप्रिलमध्ये मी मामांकडे होतो. गल्लीत टँकर आला की दारापासून न्हाणीपर्यंत आम्ही रांग लावायचो. मामी, वहिनी, मी, दादा आणि पोरं. घागर या हातातून त्या हातात. त्या रांगेत दादा माझ्या शेजारीच होता. आम्ही बोललो ते एवढंच, "धर", "सोड", "सांड्या नको".

असो. दुकानात नाही म्हटल्यावर रात्री हेडफोन लावून इंटरनेटवर ऐकायला लागलो. या वंशावळीचा मूळपुरुष रोलंड कंपनीचा जॅझ कोरस हा अ‍ॅम्प, १९७५ चा. त्यातलं कोरसचं सर्किट काढून पुढच्या वर्षी बॉसने सीई-१ हे पेडल आणलं. भलंमोठं होतं आणि भिंतीतल्या विजेवर चालायचं. मग १९७९ मध्ये सीई-२ आलं. छोटं, दोनच खुंट्या: झुलण्याचा वेग आणि झुलण्याची खोली. आत तीच एमएन ३००७. जुनी सीई-२ आता लोक जपून ठेवतात. त्याचा नवा अवतार सीई-२डब्ल्यू २०१६ मध्ये आला, पण त्याची किंमत बघून मी मुकाट्याने पुढचं पान उघडलं.

दुसरं नाव होतं इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं स्मॉल क्लोन. वेगाची एक खुंटी आणि खोलीचा एक खटका, बस्स. निर्वाणाच्या कर्ट कोबेनमुळे हे प्रसिद्ध झालं, १९९१ च्या 'कम अ‍ॅज यू आर' मधला तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज याचाच. ऐकायला फार छान, पण मला पाण्याखाली जायचं नव्हतं. तिसरं बॉसचं सीएच-१, १९८९ पासून चालत आलेलं. चार खुंट्या, आवाज स्वच्छ, थोडा काचेसारखा. स्टिरिओही आहे, पण माझ्याकडे अ‍ॅम्प एकच, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. शिवाय सगळं एकात देणारे मल्टी-इफेक्ट. ऑर्केस्ट्रातली मुलं तेच वापरतात आणि शहाणी आहेत. मला एकच आवाज हवा होता, म्हणून ते सोडून दिले.

ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाने त्याचं सीएच-१ आठवडाभर वापरायला दिलं. घरी आणून लावलं, तर दिवाच लागेना. अर्धा तास त्या मुलाला मनातल्या मनात बोल लावले. मग कळलं, चूक माझी. या पेडलना नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो, पण पिनेच्या आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह. मी लावलेला नेमका उलटा होता. कुणी घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. आणि स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर भुणभुण करतो, तेही.

शेवटी लागलं एकदाचं. पाय दाबला. आवाज सुंदर आला. खरंच सुंदर. पण दहा मिनिटांनी मला कळायला लागलं की तो आता कधी वर जाणार आणि कधी खाली येणार. पाळण्यासारखा, ठरलेला. कॅसेटमधला तसा नव्हता. तिथे कधी दादा जरा आधी होता, कधी जरा मागे, त्याला कसलाच नियम नव्हता.

आता ते १९९८ चं सांगतो.

स्टेजच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दादा. मध्ये गाणारे, ढोलक, कीबोर्ड. दोघांचे अ‍ॅम्प आपापल्या पायाशी. त्या वर्षी मला सारखं वाटायचं की दादा मागे पडतोय. तालमीत मामांच्या ओसरीवर शेजारी बसून वाजवलं की सगळं ठीक, स्टेजवर गेलं की मागे. मी बोललो तर तो म्हणायचा, "मागं तू पडायलास." पाचव्या दिवशी एका गाण्यानंतर मी वैतागून ओरडलो, "दादा, ताल येत नसंल तर बस की खाली!" समोर माईक चालू होता. अख्ख्या मंडपाने ऐकलं. लोक हसले. दादाने उरलेला कार्यक्रम वाजवला, गिटार पेटीत ठेवली, आणि त्यानंतर स्टेजवर चढला नाही.

परवा रात्री पेडलसमोर बसलो असताना डोक्यात एक हिशोब आला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे वीस मिलिसेकंदांत जवळपास सात मीटर. आमचं स्टेज बावीस फुटांचं होतं, मंडपवाल्याशी घासाघीस मीच केली होती म्हणून पक्कं आठवतं. बावीस फूट म्हणजे पावणेसात मीटर. माझी गिटार मला पायाशी लगेच ऐकू यायची, दादाची तेवढी उशिरा. आणि दादाला त्याची लगेच, माझी उशिरा. दोघंही खरं बोलत होतो! आणि कॅसेट? तो टेपरेकॉर्डर समोर मंडपाच्या मधोमध ठेवला होता, दोघांपासून सारख्याच अंतरावर. म्हणून त्यात आम्ही बरोबर आहोत. सगळा दोष अंतराचा होता असं नाही म्हणत, दोघंही हौशीच होतो. पण ज्या उशिरासाठी मी त्याला चारचौघांत बोललो, तोच आता पैसे मोजून विकत घ्यायला निघालो होतो.

रविवारी गिटार आणि पेडल घेऊन लातूरला गेलो. दादा आडतीवर होता. जेवणं झाल्यावर गच्चीवर त्याला कॅसेट ऐकवली, मग कागदावर स्टेज काढून सगळं गणित समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "गणित बरोबर असंल." मग थोड्या वेळाने, "पण माईक चालू होता ना रे."

त्याला माझ्याकडे गणित नव्हतं. मी म्हटलं, "चुकलो, दादा." एवढंच म्हणायला मला एवढी वर्षं लागली, आणि तेही आधी सगळं पदार्थविज्ञान सांगून झाल्यावर.

तो काही बोलला नाही. खाली जाऊन आला, मला वाटलं झोपायला गेला. पण येताना हातात त्याची जुनी गिटार होती. तारा गंजलेल्या, वरची एक तर नव्हतीच. सूर लावायलाच पाऊण तास गेला. अ‍ॅम्प नव्हता त्याच्याकडे, तशीच वाजवली, शेजारी बसून. बोटं त्याचीही आणि माझीही पूर्वीची राहिलेली नाहीत. वहिनी दोनदा वर येऊन बघून गेल्या.

नंतर त्याने पेडल हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मी वाजवायला लागलो आणि तो खुंट्या फिरवत बसला. मी खोली अर्ध्याच्या पुढे ठेवली होती. त्याने ती बरीच मागे आणली. वेगही कमी केला. म्हणाला, "माणूस एवढा हलत नाही."

त्या मुलाचं पेडल मी परत केलं आणि तसलंच नवीन मागवलं. काल आलं. खुंट्या दादाने ठेवल्या होत्या तिथेच ठेवल्यात, आणि हलू नयेत म्हणून दोन्हींच्या खुणेपाशी बायकोची एकेक टिकली लावलीय. तिने विचारलं, हे काय नवीन? तिला अजून सगळं सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

दादाला नवीन तारा पाठवायच्या आहेत. लातूरच्या कुणाला ओळखीचं दुकान माहीत असेल तर जरूर कळवा.