लोखंडाला चपला

आमच्या घरात वजनं आली ती भंगाराच्या भावानं. शहाद्याकडची एक व्यायामशाळा बंद पडली आणि तिथल्या लोखंडी प्लेटा किलोवर विकायला निघाल्या. दहा किलोच्या दोन, पाच किलोच्या दोन आणि एक दांडा, एवढं मोटारसायकलवर बांधून मी तापीकाठच्या आमच्या गावी आणलं. बहीण पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय ४ किलोचा गोळा. धावायला गावाबाहेरची सडक होती. गोळ्यासाठी खांद्यात ताकद पाहिजे, तिच्यासाठी हे लोखंड.

अडचण निघाली ती आवाजाची. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की आप्पा केळीला पाणी भरायला जात आणि पहाटे पायाचा चिखल धुऊन आडवे होत. आमची कसरतीची वेळ नेमकी तीच. घर पत्र्याचं, खाली शहाबादी फरशी. प्लेट जरा टेकली की ठण्‌ करून आवाज भिंतीभिंतीतून फिरे. आप्पा बोलत काही नसत, नुसती कूस बदलत. बहीण त्यांच्या पाठीकडे बघे आणि दांडा हळूच ठेवून देई. भरती तिला हवी होती, झोप आप्पांना हवी होती, आणि खोली एकच होती.

शहरातल्या जिममध्ये रबर चढवलेल्या प्लेटा असतात. त्यांची किंमत ऐकली आणि आम्ही सरळ पंक्चरवाल्याकडे गेलो. ट्रकची आणि जीपची फाटकी ट्यूब, रबर सोल्यूशनचा डबा, घासायची कानस, सगळं तिथंच मिळालं.

आधी तारेच्या ब्रशनं गंज काढला. साबणानं तेलकटपणा धुतला, प्लेटा उन्हात वाळवल्या आणि रेड ऑक्साइडचा हात मारून दिवसभर ठेवल्या. ही पायरी गाळली तर पावसाळ्यात रबराच्या आत ओल शिरते आणि लोखंड झाकल्या जागी कुजतं. मग ट्यूब उभी चिरून पसरवली, प्लेटेच्या मापाच्या चकत्या कापल्या, मधलं भोक मोकळं ठेवलं. रबर कानशीनं खरबरीत केलं. सोल्यूशन लोखंडाला लावायचं आणि रबरालाही. लगेच चिकटवायचं नाही. बोट लावल्यावर ओलं लागेनासं झालं की मग दाबायचं आणि लाकडी हातोडीनं मधून कडेकडे ठोकत जायचं. शेवटी ट्यूब आडवी कापून निघालेलं चार बोटं रुंदीचं कडं ताणून काठावर चढवायचं. ते स्वतःच्या ताणानंच घट्ट बसतं. मोठ्या प्लेटांना ट्रकची ट्यूब लागली, पाचच्यांना जीपची पुरली. सोल्यूशनच्या वासानं डोकं गरगरतं आणि ते पेटतंही चटकन, म्हणून सगळं काम चुलीपासून लांब, खळ्यात केलं.

आप्पा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, “लोखंडले बी चपला लागतस का?”

रबर मुळात इतकं गुणी नव्हतं. नुसत्या चिकाचं रबर उन्हात चिकट होई, थंडीत कडक. गंधक घालून तापवलं की ते टिकतं. त्या पद्धतीचं पेटंट चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाला १८४४ साली मिळालं. म्हणून आमच्याकडच्या मे महिन्यातही ट्यूब ओघळत नाही.

रबर चढलं की वजन वाढतं. किराणा दुकानाच्या काट्यावर चारही प्लेटा तोलल्या. जिथं जोडीत फरक आला तिथं जड बाजूचं रबर थोडं कातरलं. दांड्याच्या दोन टोकांना सारखं वजन नसलं तर एक खांदा दुखतो. मग पांढऱ्या ऑइल पेंटनं आकडे टाकले.

पुढचा आठवडा रात्रीच्या लाइटचा होता. पहाटे बहिणीनं नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या काढल्या. प्लेट टेकली की गोणी ठेवल्यासारखा ढप्प आवाज येई, तेवढाच. आतून कूस बदलल्याची चाहूल नाही.

दुपारी भाकरीवर मिरचीचा ठेचा घेताना आप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि जरा काळजीनंच विचारलं, “आज कसरत करी नही का, बेटा?”