स्वतःच्या जबाबदारीवर

आमच्या हॉस्पिटलात एक छापील कागद असायचा. 'मी जिवाचं बरंवाईट करून घेणार नाही, घेतल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत.' खाली पेशंटची सही, शेजारी नातेवाइकाची. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मी वर्षानुवर्षं तो भरून घेत आलो आणि तो आपल्याला वाचवतो, असं धरून चाललो. निष्काळजीपणाचा दावा झाला तर असल्या कागदाच्या आड लपता येत नाही, हे वकिलानं सांगायला हवं होतं असं नाही. सही केल्यानं माणूस सुरक्षित होतो याला पुरावा नाही, हे मला माझ्या अभ्यासातूनच ठाऊक होतं.

बँकेत नोकरीला असलेले पन्नाशीचे एक गृहस्थ तीव्र नैराश्यानं दाखल झाले, तेही स्वतःहून. थोड्या दिवसांनी म्हणाले, "आता बरं वाटतंय, घरी सोडा." राउंडवर मी विचारलं, "तसले विचार येतात का?" ते "नाही" म्हणाले. मी केस पेपरवर 'आत्महत्येचे विचार नाहीत' एवढं लिहून पुढच्या खाटेकडे वळलो. रात्रपाळीच्या सिस्टरनं तिच्या नोंदवहीत लिहिलं होतं की ते झोपलेले नाहीत आणि बायकोला पासबुकं, विम्याचे कागद कुठे आहेत ते फोनवर समजावत होते. ती वही मी उघडलीच नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं मला सोयीचं तेवढं पाठ होतं: स्वेच्छेनं आलेल्याला अडवता येत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की जिवाला धोका दिसत असेल, तर तपासणीसाठी चोवीस तास थांबवून घेता येतं. बायकोशी मी बोललो नाही. कारण विचारलं तर 'गोपनीयता' म्हटलं असतं. पण प्राण वाचवण्यापुरती माहिती द्यायला कलम २३ मुभा देतं, आणि तिच्याकडून माहिती घ्यायला तर कुणाचीच आडकाठी नव्हती. खरं कारण ओपीडीतली गर्दी. घरी सोडताना पुढची तारीख मी महिन्यानंतरची दिली. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे, हे परीक्षेत मी स्वतः लिहिलेलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात ते गेले.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, हवालदार जबाब घ्यायला आले, आणि माझ्या डोळ्यांपुढे निष्काळजीपणानं मृत्यू ओढवल्याचं तेव्हाचं कलम ३०४ अ नाचू लागलं. त्या रात्री मी केस पेपर काढला आणि मोकळ्या जागेत लिहिलं, 'नातेवाइकांना धोक्याची कल्पना दिली.' सकाळी सिस्टर म्हणाली, "सर, ही ओळ काल नव्हती." मी ती एका रेघेनं खोडली आणि त्या दिवसाची तारीख टाकून सही केली. तिनं पाहिलं नसतं तर खोडली असती का? नसती.

कायदा मी नंतर वाचला. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे, आणि पोलिसांनी आधी त्या विषयातल्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं. भरपाईच्या दाव्यात मोजमाप एवढं कडक नसतं, पण तिथेही भविष्य ओळखलं का, असं कुणी विचारत नाही. विचारतात ते हे की नीट चौकशी केली का, लिहून ठेवलं का, हाताखालच्या माणसानं लिहिलेलं वाचलं का. मी तुरुंगाला घाबरत होतो. या साध्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पत्नीनं केस पेपरची प्रत मागितली. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अशी कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. ऑफिसनं 'उद्या या' लावलं, मला तिला न भेटण्याचा सल्ला मिळाला, तो मी मुकाट पाळला. मग वकिलाची नोटीस आली तेव्हा प्रत गेली. ती घेताना तिनं विचारलं, "आमच्याबद्दल काही बोलले होते का?" माझ्या कागदात त्यावर एक अक्षर नव्हतं. पासबुकांचा फोन मात्र तिनं स्वतःच घेतलेला होता. मी विचारलं असतं, तर तिनं तो मला सांगितला असता.

नोटिशीचं पुढे काही झालं नाही. मी निर्दोष होतो म्हणून नव्हे. तिच्यात भांडायचं बळ उरलं नाही, असं तिचा भाऊ म्हणाला.

छापील कागद बंद झाला. आता डिस्चार्जनंतरची तारीख आठवड्याच्या आतली असते, आणि घरच्या कुणाशी बोलणं झाल्याशिवाय मी सही करत नाही. पण एक गोष्ट या सुधारणांत बसत नाही. व्यवस्थापनानं लेखी खुलासा मागितला तो मला नव्हे, त्या सिस्टरला: 'नोंद केली, मग डॉक्टरांना फोन का केला नाही?' सगळ्यांत जिनं नीट काम केलं, तिलाच. तिनं उत्तर लिहून दिलं, महिन्याभरात नोकरी सोडली. वही हाताशी असून मी वाचली नाही, हे मी त्या खुलाशाखाली दोन ओळींत लिहू शकलो असतो. मी लिहिलं नाही.